हॅडलोचं स्मारक

आज इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या हॅडलो गावी गेलो होतो. चर्चच्या आवारात एक टोकदार स्मारक आहे, हॉप्स वाळवायच्या भट्टीसारखं. (हॉप्स म्हणजे बियरला कडवटपणा देणारी वेलीवरची फुलं.) २० ऑक्टोबर १८५३ ला तोडणीवरून परतणाऱ्या मजुरांची घोडागाडी हार्टलेकच्या लाकडी पुलावरून मेडवे नदीच्या पुरात कोसळली. ३० जण गेले. आयरिश आणि रोमानी, त्यात एकाच गोतावळ्यातले कितीतरी.

त्यानंतरही सुमारे शंभर वर्षं लंडनच्या ईस्ट एंडमधल्या बायका दर सप्टेंबरला पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन खास रेल्वेनं इथे यायच्या. नवरे यायचे शनिवार-रविवारी. पत्र्याच्या खोलीला चुना मारायचा, घरचे पडदे लावायचे. मजुरी बुशेलच्या मापानं, आणि मापाड्या फुलं दाबून भरतो म्हणून भांडणं ठरलेली!

मला बीडच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या आठवल्या. तिथे मुकादम, इथे मापाड्या. पोरांची शाळा दोन्हीकडे बुडालेली. फरक एवढाच, की ईस्ट एंडवाले याला सुट्टी म्हणायचे.

१९५०-६० च्या सुमारास यंत्रं आली नि हे संपलं. परतताना त्या शंकूच्या छपराच्या भट्ट्या दिसत होत्या. बऱ्याच भट्ट्यांची आता घरं झालीत, खिडकीत कुंड्या वगैरे.