लँगोलेनचा कालवा आणि लॉकवरची माणसं

इंग्लंडात नॅरोबोट, म्हणजे कालव्यातून चालणारी अरुंद नाव, भाड्याने घ्यायला परवाना लागत नाही आणि पूर्वी कधी होडी चालवली आहे का, असंही कुणी विचारत नाही. वेल्समधल्या लँगोलेनला जाणाऱ्या कालव्यावर, रेनबरी गावच्या धक्क्यावर आम्हाला तासाभरात सगळं समजावून दिलं. रोज सकाळी इंजिनचं तेल बघायचं. नाव ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्याला गवत किंवा चिंधी गुंडाळली गेली तर इंजिन बंद करून मागचं झाकण उघडायचं आणि हाताने काढायची. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते. एवढं झालं आणि ती लांबलचक पोलादी नाव आमच्या ताब्यात आली. आम्ही चौघं: मी, नवरा, नणंद आणि तिचा कॉलेजात जाणारा मुलगा.

वेगाची मर्यादा ताशी 4 मैल. काठाला बांधलेल्या नावांजवळून तर त्याहून हळू जायचं, कारण पाणी ढवळलं की त्यांचे दोर ताणतात आणि जमिनीत ठोकलेल्या खुंट्या उपटून येतात. एका दुपारीच चालवणं अंगवळणी पडलं. खरं काम लॉकचं, म्हणजे नावेला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या पाण्याच्या खणाचं, आणि माणसं भेटतात तीही तिथेच.

लॉकची रुंदी जेमतेम सात फूट आणि नाव त्याहून दोन-तीन इंचांनी अरुंद. वर चढायचं असेल तर रिकाम्या लॉकमध्ये नाव घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे आणि विंडलासने, म्हणजे लोखंडी हँडलने, वरच्या बाजूची झडप हळूहळू उघडायची. पाणी भरत जातं, नाव वर येते. दोन्हीकडची पातळी सारखी होत नाही तोवर दरवाजा चार जणांनी ढकलला तरी हलत नाही. सारखी झाली की एकटी बाईसुद्धा दरवाजाच्या आडव्या तुळईला पाठ लावून तो उघडू शकते.

असं एकदा लॉक भरून रिकामं केलं की साधारण लाखभर लिटर पाणी खाली जातं. म्हणून तुम्हाला चढायचंय आणि लॉक भरलेलं दिसतंय, तर आधी वर जाऊन बघायचं की समोरून कुणी येतंय का. येत असेल तर थांबायचं. ते त्याच पाण्यावर खाली उतरतात आणि रिकामं लॉक तुम्हाला मिळतं. माझं माहेर नीरा डाव्या कालव्याच्या काठचं. पाण्याची पाळी आली की वडील रात्री-बेरात्री दारं धरायला रानात जायचे, हे बघतच मी मोठी झाले. त्यामुळे ही शिस्त मला कुणी पटवून द्यावी लागली नाही. आणि थांबलं की बोलणं होतंच.

मारबरीच्या लॉकवर आमच्या पुढे एक हिरवी नाव होती. तिच्यावर सत्तरीच्या एक बाई एकट्याच. टपावर कोळशाची पोती, सायकल आणि गुलाबाची फुलं नि किल्ले रंगवलेला पाण्याचा डबा. त्या नावेतच राहतात. स्वतःची कायमची बांधायची जागा नसलेल्या नावेला एका ठिकाणी 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, असा कायदाच आहे. त्यामुळे गाव, दुकान, दवाखाना, सगळं बदलत राहतं. एकटीने लॉक करायचं म्हणजे दोर हातात घेऊन शिडी चढायची, नाव ओढून धरायची, दरवाजा लावायला पलीकडे जायचं. आम्ही मदतीला येऊ का विचारलं. त्यांनी आधी भाच्याच्या हातात विंडलास दिला आणि तो कसा धरतोय ते पाहिलं. मग त्याचा हात धरून दाखवलं: झडपेच्या चक्राचे दात अडवणारी खिटी बसली आहे की नाही ते डोळ्यांनी बघायचं, आणि काम झालं की विंडलास तिथेच अडकवून जायचं नाही. खिटी सुटली तर तो गरगर फिरतो आणि मनगट मोडतो. उतरताना काय सांभाळायचं तेही सांगितलं. वरच्या दरवाजाच्या आत पाण्याखाली एक पायरी असते. पाणी उतरताना नावेचं बूड तिच्यावर टेकलं तर नाव पुढून खाली झुकते आणि काही मिनिटांत बुडते. म्हणून काठावरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढेच राहायचं. धक्क्यावर हे सांगितलं होतं, पण मनावर ठसलं ते इथे.

पुढे ग्रिंडली ब्रुकपर्यंत आम्ही जोडीनेच गेलो. तिथे सहा लॉक आहेत, त्यांतले वरचे तीन एकाला एक लागून, जिन्यासारखे. वरच्या खणाचं पाणी खालच्यात येतं, म्हणून चढताना खालचा खण रिकामा आणि वरचे दोन भरलेले असावे लागतात. उन्हाळ्यात लॉककीपर क्रम लावून देतो. रांग मोठी होती. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, बाईंनी चहा केला, मागच्या नावेतलं कुटुंबही आलं. आपल्या पुढच्याला लॉकवर हातभार लावायचा आणि आपल्या वेळी मागचा येतो, हे तिथे सगळेच न सांगता करत होते. एवढ्या मोकळेपणाने शेजारी भेटल्याचं मला या देशात दुसरीकडे आठवत नाही.

हा कालवा 1944 मध्ये कायद्याने वाहतुकीला बंद झाला होता. तो बुजला नाही, कारण लँगोलेनच्या वर डी नदीतून घेतलेलं पाणी त्यातूनच हर्लस्टनच्या जलाशयाला जातं. आजही पाण्याला ओढ जाणवते. जाताना ती विरुद्ध असते, परतताना साथ देते.

एल्समिअरला बाई थांबल्या, आम्ही पुढे गेलो. चर्कचा बोगदा आला. त्यात एकाच नावेपुरती वाट आहे, समोर दिवा दिसला तर बाहेर थांबायचं. मग पॉन्टकसिल्टे. टेलफर्ड आणि जेसप या इंजिनीअरांच्या हातचा, 1805 मध्ये खुला झालेला हा पूल डी नदीच्या सुमारे 38 मीटर वरून लोखंडी पन्हाळीतून कालवा नेतो. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला पन्हाळीची कडा, पाण्याच्या वर वीतभरच. तिच्यापलीकडे काही नाही. नवरा टिलरवर ताठ उभा, मी पायवाटेने चालत. त्याच्या अंगावरचा निळा स्वेटर आणि खाली दरीतली झाडांची टोकं, एवढंच मला नीट आठवतं. लँगोलेनच्या अलीकडे कालवा इतका अरुंद होतो की एकाने पुढे पायी जाऊन वाट मोकळी आहे का ते बघावं लागतं. ते काम नणंदेने आनंदाने केलं.

परत येताना एल्समिअरला बाईंच्या नावेशेजारीच आम्ही नाव बांधली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना मॉन्टगोमेरी कालव्यात उतरायचं आहे. त्यासाठी फ्रँकटनच्या लॉकमधून जायची वेळ आधी नोंदवावी लागते. ती मिळाली की त्या कळवणार आहेत, आणि भाच्याने सुट्टी राखून ठेवली आहे.