खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी काय होते

वृद्ध व्यक्तीचे खुब्याचे हाड मोडले तर शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी आणि प्रकृती साथ देत असेल तर दुसऱ्याच दिवशी तिला वॉकरच्या आधाराने उभे करावे, याबाबत अस्थिरोगतज्ज्ञांमध्ये फारसे दुमत नाही. बॉल (खुब्याच्या सांध्यातला मांडीच्या हाडाचा गोल माथा) बदलण्याच्या किंवा रॉड बसवण्याच्या शस्त्रक्रिया आता जिल्ह्याच्या ठिकाणीही नियमित होतात. खरी अडचण रुग्ण घरी आल्यावर सुरू होते. या अस्थिभंगानंतर वर्षभरात साधारण पाचांतला एक रुग्ण, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, दगावतो. आणि त्यामागे मूळच्या आजारांइतकाच न्यूमोनिया, शय्याव्रण, पायाच्या शिरेतील रक्ताची गुठळी, खालावलेला आहार अशा, अंथरुणाला खिळल्याने बळावणाऱ्या तक्रारींचा वाटा असतो.

आपल्याकडे हा सगळा काळ सून, लेक किंवा रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोतून बारा तासांच्या पाळीवर येणाऱ्या मावशी निभावतात. मावशींकडून अपेक्षा असते ती डायपर बदलण्याची, अंग पुसण्याची, भरवण्याची. रुग्ण पुन्हा पडला नाही म्हणजे काम चोख झाले, असे ब्युरोही मानतो आणि घरचेही. त्यामुळे आजींना पलंगावरून हलवायचेच नाही, हा सर्वांच्या सोयीचा मार्ग ठरतो. माझ्या मते पहिल्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टने रुग्णाइतकेच मावशींनाही शिकवले पाहिजे: आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, जी झोपूनच आहे तिची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, बॉल बदललेला असेल तर सर्जन परवानगी देईपर्यंत खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही आणि मांडी घालायची नाही. म्हणजेच पाट, बुटका दिवाण आणि भारतीय पद्धतीचे शौचालय बाद, आणि कमोडवरही उंच बैठक हवी. (देवापुढे मांडी घालून बसता येत नाही, याचे दुःख काही आजींना टाक्यांपेक्षा जास्त असते.) रात्री रुग्ण असंबद्ध बोलू लागला तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नये; जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणे, बद्धकोष्ठता किंवा एखादे वेदनाशामक यामागे असू शकते आणि त्यावर उपाय करता येतो.

पैशांचे गणितही इथेच चुकते. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे आणि घरी सोडल्यानंतरचा खर्च त्यात १५ दिवसांपुरताच धरला जातो. महिनोन्महिने लागणाऱ्या मावशींचा पगार त्यात बसत नाही. जपानने २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेसाठी वेगळा सक्तीचा विमा सुरू केला, ज्यात चाळिशीपासून हप्ता कापला जातो आणि गरजेची पातळी ठरवून घरपोच सेवा मिळते. आपल्याकडे एवढी मजल लगेच मारता येणार नाही, पण घरी येणाऱ्या फिजिओथेरपीचे तीन महिने तरी विम्यात धरायला हवेत, असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र सरकारची वाट न पाहता करता येते. डिस्चार्ज कार्डावर कॅल्शियम हमखास असते, परंतु हाडांच्या ठिसूळपणावरचे औषध पुष्कळदा नसते, आणि एकदा खुबा मोडलेल्याला दुसऱ्या अस्थिभंगाचा धोका मोठा असतो. मूत्रपिंडांचे काम आणि ड जीवनसत्त्व तपासून वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रॉनिक अॅसिड हा त्यावरचा एक पर्याय आहे. टाके काढण्याच्या भेटीत हा विषय घरच्यांनीच काढावा.