आमची वाटचाल : राजारामपुरीचा गाळा आणि शिरोलीचा सर्व्हर

पहिल्यांदा एक गोष्ट साफ करून घेतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा. डिसेंबर 2011 मध्ये कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचे मेल आमच्या हातून गेले नव्हते. गेले ते दुसऱ्यांच्या हातून, आणि परत आणले आम्ही. एमआयडीसीत चहाच्या टपरीवर आजही कुणीतरी उलटं सांगतं, म्हणून हे सगळ्यात आधी.

आता सुरुवातीपासून. 2001 साली मी आणि माझा भागीदार, दोघंही पॉलिटेक्निकचे, कोल्हापुरात राजारामपुरीत दहा बाय बाराचा गाळा घेऊन बसलो. असेंबल्ड पीसी, यूपीएसच्या बॅटऱ्या, नेटवर्किंग. भागीदाराचा हात भारी. केबलचं टोक दातानं सोलायचा (नका सोलू, दात जातात) आणि पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी अशा आठ तारा बोलता बोलता, न बघता ओळीत बसवायचा. आमचं पहिलं क्रिम्पिंग टूल, म्हणजे केबलच्या टोकाला पिन दाबून बसवायचा पक्कड, लाल मुठीचं होतं. अजून आहे. दोनदा पातं बदललंय. आताची टूलं दोनशे पिनांत ढिली पडतात. नव्या पोरांना सांगतो, पेटीत चार वस्तू कमी असल्या तरी चालतील, पण क्रिम्पिंग टूल आणि फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर स्वस्तातला घेऊ नका.

शिरोलीचे आण्णा आमच्याकडे आले ते प्रिंटरसाठी. त्यांची फाउंड्री, ग्रे आयर्नचं कास्टिंग, गिऱ्हाईकं पुण्यातली आणि दोन जर्मनीतली. मेल तेव्हा बाहेरच्या होस्टिंगवर, एका खात्याला 25 एमबी. जर्मनीहून दोन ड्रॉइंगं आली की खातं भरायचं आणि तिसरं परत जायचं. 2006 मध्ये आम्ही त्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टचा स्मॉल बिझनेस सर्व्हर 2003 बसवला, त्यातच मेलचं सॉफ्टवेअर, एक्सचेंज 2003. 73 जीबीच्या दोन स्कझी डिस्क मिररमध्ये, म्हणजे एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर. हातात येतात ते 68 जीबी. त्यातले 20 विंडोजला, 48 मेलला. अठरा माणसांना 48 जीबी म्हणजे जन्माची सोय, असं मीच आण्णांना सांगितलं होतं. शब्द माझेच.

सर्व्हर ठेवला पॅटर्न शॉपच्या (साच्यांचे नमुने बनवतात तिथल्या) मागच्या खोलीत, कारण एसी तिथंच होता. फाउंड्रीची धूळ साधी नसते. काळी वाळू आणि कोळशाची भुकटी, हाताला लागली की साबणानं दोनदा धुवावं लागतं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ब्लोअर घेऊन जायचो. पुढची जाळी काढली की पंख्याच्या पात्यांवर काळा थर, मखमलीसारखा. तो पंखा बोटानं धरून मगच ब्लोअर मारायचा, नाहीतर वाऱ्यानं गरागरा फिरून बेअरिंग जातं. हे कुठल्या मॅन्युअलात लिहिलेलं नसतं.

आण्णा मेल खोडू देत नव्हते. आमची त्यांच्याशी एकमेव भांडाभांडी यावरून. त्यांच्या टेबलामागं खिळ्याला तारा टांगलेल्या, त्यात 1984 पासूनची बिलं ओवलेली. "कागूद टाकत न्हाई मी, तर मेल का टाकू?" असा त्यांचा सवाल. आणि ते खरंही होतं. एकदा पुण्याच्या गिऱ्हाइकानं चारशे हाउसिंगा परत पाठवल्या, बोअर, म्हणजे मधल्या भोकाचं माप, चुकलाय म्हणून. आण्णांनी तीन वर्षांपूर्वीचा मेल काढला. ड्रॉइंगची रिव्हिजन सी गिऱ्हाइकाच्याच माणसानं मंजूर केलेली. माल गपचूप परत घेतला गिऱ्हाइकानं. त्यानंतर मी खोडण्याचं नाव काढलं नाही.

पण मग ते वाढतंच. दहा एमबीचं ड्रॉइंग मेलमधून जाताना बेस-64 मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, गुंडाळलं जातं आणि तेरा-साडेतेरा एमबी होतं. उत्तर देणारा ते तसंच खाली ठेवून "नोटेड, थँक्स" लिहितो. म्हणजे दोन शब्दांचा मेल, पोटात ड्रॉइंग. 2008 मध्ये पहिला दणका बसला. एक्सचेंज 2003 च्या स्टँडर्डला मेलच्या डेटाबेसासाठी मुळात 16 जीबीची मर्यादा. सर्व्हिस पॅक 2 नंतर ती 75 झाली, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, आकडा घातला नाही तर 18 वरच अडते. आणि ती तपासणी होते पहाटे पाच वाजता. आदल्या पहाटे इशारा, दुसऱ्या पहाटे स्टोअर, म्हणजे सगळ्या मेलचं कोठार, बंद. सहाला आण्णांचा फोन, साडेसहाला मी तावडे हॉटेलच्या चौकात. दहा मिनिटांचं काम होतं. तिथून सगळे म्हणायला लागले, मेलचं काम यांच्याकडे द्या. 2011 पर्यंत आमच्याकडे असे अकरा सर्व्हर झाले.

2011 च्या दिवाळीपर्यंत आण्णांचा डेटाबेस 41 जीबी. डिस्क 48 ची. म्हणजे सात जीबी शिल्लक. नवा सर्व्हर घ्यायचं येत्या मार्चमध्येच ठरवू म्हणून ठेवलं होतं. तोवर रोज रात्रीचा बॅकअप यूएसबी डिस्कवर जायचा. ती डिस्क नोव्हेंबरच्या मध्यावर भरली. नवी 1 टीबी घ्यायची, एवढंच काम. पण तेव्हा थायलंडात पूर आला होता. अयुथायाकडचा वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्यात, मोटरी बनवणारे पाण्यात, आणि त्याचा चटका राजारामपुरीत. डिस्कचा भाव महिन्याभरात जवळपास दुप्पट. भागीदार म्हणाला, भाव उतरू देत, तोवर मिरर आहेच की. मी हो म्हणालो.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. एका डिस्कवर खोडलं की दुसऱ्यावरही खोडलं जातं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता ज्यांना माहीत आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. एक्सचेंजमध्ये प्रत्येक बदल आधी लॉग फाइलीत लिहिला जातो, आणि बॅकअप नीट झाला की मगच जुन्या लॉग फाइली साफ होतात. पाच-पाच एमबीच्या फाइली, दिवसाला दोनशे एमबीच्या आसपास. पाच आठवडे बॅकअप नाही. पस्तीस गुणिले दोनशे. सात जीबी. हिशोब चौथीतला पोरगा करेल.

20 डिसेंबर, मंगळवार. मी आणि भागीदार कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत एका कंपनीचं केबलिंग करत होतो. सकाळीच आण्णांकडचे मेल थांबले. आण्णा तालुक्याला लग्नाला. ऑफिसात त्यांचा पुतण्या. हा पुतण्या महिनाभर पुण्याच्या एका कंपनीशी बोलत होता, ते आम्हाला नंतर कळलं. त्या कंपनीचा माणूस सर्व्हरची "फ्री हेल्थ चेकअप" करायला नेमका त्या दिवशी आलेला. टाय लावून. काळ्या वाळूत टाय.

त्यानं काय केलं? डी ड्राइव्ह भरलाय एवढं त्याला दिसलं. स्टोअर अडकून पडलेलं, थांबत नव्हतं, तर टास्क मॅनेजरमधून प्रोसेस मारली. मग ड्राइव्हमध्ये बघितलं, हजारावर एकसारख्या लॉग फाइली. लॉग म्हणजे नोंदी, नोंदी म्हणजे कचरा, असं समजून सगळ्या निवडून शिफ्ट-डिलीट. सात जीबी मोकळे झाले म्हणून पुतण्याला दाखवलंही म्हणे. त्या फाइलींत डेटाबेसात अजून न उतरलेलं काम असतं. नांगरलेल्या वावरातला सातबाराच जाळला म्हणा. सर्व्हिस चालू केली, स्टोअर उठेना. तेव्हा टायवाले म्हणाले, जुनी सिस्टीम आहे, तुमच्या लोकांना बोलवा. आणि निघून गेले.

एक वाजता फोन. आम्ही दीडला निघून पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत भागीदार एक शब्द बोलला नाही.

डेटाबेसचं हेडर तपासलं : डर्टी शटडाउन, म्हणजे काम अर्धवट असताना बंद पडलेला. लॉग नाहीत, म्हणजे पुढे लावून घ्यायला काही नाही. शेवटचा चांगला बॅकअप पाच आठवड्यांपूर्वीचा. या जागी नव्वद टक्के लोक पहिली चूक करतात : मूळ फाइलवरच रिपेअर चालवतात. तसं कधीही करू नका. आधी कॉपी. कॉपीला डिस्क पाहिजे. म्हणजे भाव उतरल्यावर घ्यायची ठरलेली तीच 1 टीबी, त्या संध्याकाळी, आदल्या महिन्यापेक्षा चारशे रुपये आणखी जास्त देऊन. दुकानदार हसत होता.

संध्याकाळी सर्व्हरवर कोरा डेटाबेस उघडला, म्हणजे निदान येणारे मेल येत राहतील. खाती रिकामी बघून ऑफिसातल्या बाई रडायला लागल्या, त्यांना समजावून सांगायला अर्धा तास गेला. कॉपी घेऊन गाळ्यावर आलो आणि वर्कशॉपच्या मशिनवर ईएसई-युटिल, म्हणजे एक्सचेंजचा डेटाबेस दुरुस्त करायचं टूल, लावलं. आधी त्यातला पी पर्याय, म्हणजे हार्ड रिपेअर. हे वाचता न येणारी पानं सरळ फेकून देतं, म्हणून बटण दाबताना पोटात गोळा येतो. स्क्रीनवर टिंबांची एक ओळ, शून्यापासून शंभरपर्यंत, आणि तासाला दोन-चार टिंबं. रात्रभर त्या टिंबांकडे बघत बसलो. पहाटे साडेतीनला लाईट गेली. यूपीएसवर पंचवीस मिनिटं निघाली असती. भागीदारानं गिऱ्हाइकाच्या दुरुस्तीला आलेल्या दोन यूपीएसच्या बॅटऱ्या काढून जोडल्या. चाळीस मिनिटांनी लाईट आली. तो माणूस पुढं कसाही वागला असेल, पण त्या रात्रीचं मी विसरणार नाही.

बुधवारी डीफ्रॅग, म्हणजे डेटाबेस नीट रचून घेणं, मग आयसिन्टेग, म्हणजे आतले दुवे तपासणं, तेही शून्य चुका दाखवेपर्यंत पुन्हा पुन्हा. रिपेअर केलेल्या डेटाबेसवर कंपनी चालवायची नसते. त्यातून मेल उपसून नव्यात ओतायचे. ते काम एक्समर्ज नावाच्या टूलचं, आणि एक्समर्जच्या पीएसटीला, म्हणजे मेल भरायच्या फाइलीला, दोन जीबीची मर्यादा. आण्णांचं खातं सहा जीबीचं. वर्षावर्षाचे तुकडे पाडून काढलं. शुक्रवारी रात्री शेवटचं खातं भरलं. सतरा मेल असे निघाले की उघडतात पण आतली फाइल कोरी. सतरा.

आण्णा सोमवारी ऑफिसात आले, 2007 मधला कुठलासा जर्मनीचा मेल शोधला, सापडला. "आलं की समदं," म्हणाले आणि चहा मागवला. बिल मी पाठवलंच नव्हतं. त्यांनीच अठरा हजारांचा चेक पाठवून दिला.

पण तोवर एमआयडीसीभर झालेलं. "त्यांच्या सर्व्हरवरचे मेल गेले." मार्चपर्यंत अकरातले सहा जण त्या पुण्याच्या कंपनीकडे. एकानं तर आम्हीच शिकवलेल्या शब्दांत आम्हाला विचारलं, तुमचा बॅकअप टेस्ट केलेला असतो का? भागीदार जूनमध्ये वेगळा झाला. इचलकरंजीची गिऱ्हाईकं त्यानं नेली. सीसीटीव्हीत चांगलं चाललंय त्याचं. डिस्कचा विषय आम्ही दोघांनी कधीच काढला नाही.

आण्णांचा नवा सर्व्हर 2012 च्या ऑगस्टमध्ये बसला. लिनक्सवर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही मेलची सॉफ्टवेअरं, 2 टीबीच्या दोन डिस्क, वर डिस्कची जागा सांभाळणारं एलव्हीएम, म्हणजे पुन्हा भरलं तर डिस्क लावून चालत्या सर्व्हरवर जागा वाढवता येते. इमॅपसिंक या टूलनं नऊ रात्री मेल हलवले. एमएक्स रेकॉर्डचा (मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचे ती नोंद) टीटीएल, म्हणजे बाकीच्यांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, आठवडाभर आधी तीनशे सेकंदांवर आणून ठेवला होता, त्यामुळे अदलाबदल कुणाला कळलीही नाही. रखडलं ते फक्त आयपीच्या उलट्या नोंदीपाशी, म्हणजे आयपीच्या आकड्यावरून सर्व्हरचं नाव सांगणाऱ्या नोंदीपाशी. टेलिफोनवाल्यांनी अकरा दिवस लावले, तोवर जर्मनीला जाणारे मेल परत येत होते. तुम्ही सर्व्हर हलवणार असाल तर तो अर्ज पहिल्या दिवशी करा. मेल नंतर हलवा.

2016 मध्ये एकदा "जागा नाही" असा मेसेज आला आणि डिस्क निम्मी रिकामी. आयनोड संपलेले, म्हणजे फाइलींची नोंद ठेवायच्या जागा; एका फाइलीला एक. ड्रॉइंगं मोठी म्हणून फॉरमॅट करताना मी लार्जफाइल हा पर्याय दिला होता. एक एमबीमागं एक आयनोड, आणि मेलडिर या मेल साठवायच्या पद्धतीत एक मेल म्हणजे एक फाइल. "नोटेड, थँक्स" लिहिणाऱ्यांनी शेवटी दावा साधला. एलव्हीएममधून जागा वाढवली, तिच्याबरोबर आयनोडही वाढले, वीस मिनिटांत संपलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा सर्व्हर वरच्या मजल्यावर होता. बाकी वर्षं चालली.

आता बहुतेक जण क्लाउडवर आहेत. आम्हीही चौघांना नेलं, त्यात कमीपणा नाही. फक्त माणशी महिन्याचा आकडा बघून सही करू नका, जुने मेल किती जीबी आहेत आणि ते कोण हलवणार, हे आधी कागदावर घ्या. आण्णांना मी दोनदा विचारलं. "माझ्याच पत्रांचं भाडं मी का भरू?" म्हणाले.

त्या मंगळवारचे इव्हेंट लॉग, म्हणजे विंडोज स्वतः ठेवतं त्या घडामोडींच्या नोंदी, मी तेव्हाच छापून घेतले. सर्व्हिस अचानक बंद पडल्याची नोंद, क्रमांक 7034, वेळ सकाळी 11 वाजून 52 मिनिटं. आम्ही त्या वेळी कागलला होतो, तिथल्या गेटच्या रजिस्टरची झेरॉक्सही लावली आहे. आण्णांपुढं फाइल दोनदा धरली, त्यांनी उघडली नाही. कुणाला शंका असेल तर दुकानात यावं, कपाटात वरच्या खणात आहे. 7034 चा कागद सगळ्यात वर ठेवलाय. बॅकअप फेल झाल्याच्या पस्तीस नोंदींचा त्याच्या खाली.