टेपरेकॉर्डरची वायर आणि दादाचं ड्रीमकास्ट

गेल्या पावसाळ्याच्या आधी आमच्या इंदूरच्या, रामबागेतल्या घराचा माळा रिकामा केला. पितळी पिंप, गणपतीच्या मखराच्या पट्ट्या, बाबांच्या ऑफिसच्या जुन्या डायऱ्या असं एकेक खाली देत होतो. सगळ्यात मागे गोणपाटात गुंडाळलेलं एक खोकं हाताला लागलं. गोणपाट सोडलं, खोक्यावरचं नारंगी चक्र दिसलं आणि मी शिडीवरच थांबलो. खालून आईनं विचारलं, "काय रे, काय सापडलं?" मी म्हटलं, "दादाचं ड्रीमकास्ट."

हे टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं यंत्र आत्यानं आणलं होतं. २००१ च्या डिसेंबरात ती अमेरिकेहून आली तेव्हा तिकडच्या दुकानांत ड्रीमकास्ट अक्षरशः काढून टाकत होते. ९ सप्टेंबर १९९९ ला ते अमेरिकेत १९९ डॉलरला विकायला आलं. दीड वर्षात किंमत ९९ वर उतरली आणि शेवटी शेवटी पन्नासच्याही खाली गेली. ३१ जानेवारी २००१ ला ते बनवणाऱ्या सेगा कंपनीनं जाहीर केलं होतं की मार्चनंतर आपण हे बनवणार नाही, यापुढे फक्त इतरांच्या यंत्रांसाठी गेम्स करणार. म्हणजे आमच्या घरी आलं तेव्हाच ते बंद पडलेल्या धंद्याचं यंत्र होतं. आम्हाला त्याचं काय! आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे असलं काही नव्हतं.

ते ११० व्होल्टवर चालणारं. म्हणून बाबांनी विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणला होता. तो तापायचा, गुणगुणायचा, आणि दादाचा नियम होता की त्याच्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. २००३ च्या मे महिन्यात, मी बारा वर्षांचा असताना, दादा क्लासला गेला होता आणि ट्रान्सफॉर्मर कपाटात कुलूपबंद होता. ड्रीमकास्टच्या मागची सॉकेट इंग्रजी आठच्या आकाराची. आमच्या टेपरेकॉर्डरची वायरही तशीच. मी ती काढली, मशीनला लावली, दुसरं टोक भिंतीत घातलं आणि बटण दाबलं. फट् असा आवाज झाला, आणि जळक्या वासानं खोली भरली.

संध्याकाळी बाबांनी विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "माझ्याकडून झालं." मला त्यानं नंतरही काही विचारलं नाही. खोकं माळ्यावर गेलं. दादा आता पुण्यात असतो, त्याला सात वर्षांची मुलगी आहे. दिवाळीला सगळे येणार होते. तोवर हे चालू करायचं असं मी शिडीवरून उतरतानाच ठरवलं.

उघडणं अवघड नाही. बाजूचा मोडेम ओढून काढायचा, त्याच्यामागे एक स्क्रू असतो, बाकीचे तीन तळाला. चारही साधे फुलीचे. वरचं झाकण उचललं की एका बाजूला डिस्कचा ड्राइव्ह, दुसऱ्या बाजूला पॉवर सप्लाय, पुढे कंट्रोलरच्या चार सॉकेटांची पाटी. पंचवीस वर्षांपूर्वीची वस्तू इतकी सुटसुटीत रचलेली पाहून मला फार बरं वाटलं. कुठे गोंद नाही, कुठे काही मोडून काढावं लागत नाही.

सप्लाय घेऊन आधी जेल रोडला गेलो. दोन दुकानांत मोबाइलशिवाय काही घेत नव्हते. तिसऱ्यानं बघितलं आणि म्हणाला, "भिया, इसमें हाथ डालने का मतलब नहीं." मग आईनं आठवण करून दिली की मागच्या गल्लीतले नाना पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे. नाना आता पंचाहत्तरीत आहेत, हात किंचित थरथरतो, पण टेबलावर मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न अजून मांडलेलं असतं.

त्यांनी सप्लाय दिव्याखाली धरली. काचेचा फ्यूज आतून काळा पडला होता आणि सगळ्यात मोठ्या कंडेन्सरचं डोकं फुगून फाटलं होतं.

"याच्यावर काय लिहिलंय ते वाच."

"दोनशे व्होल्ट."

"आणि आपल्या भिंतीत दोनशे तीस. ते डीसी झाले की सव्वातीनशेच्या घरात जातात. दोनशेच्या भांड्यात सव्वातीनशे कसे मावणार? फुटलं ते." मग फ्यूजवर नख ठेवून म्हणाले, "पण हा वेळेवर गेलाय. मागचं सगळं वाचलेलं असणार."

हे ऐकून माझ्या छातीवरचं वीस वर्षांचं ओझं थोडं हललं, खरंच.

जुनी सप्लाय दुरुस्त होण्यासारखी होती. पण मग पुन्हा ११० चा ट्रान्सफॉर्मर, आणि घरात पुन्हा कुणीतरी लहान. या यंत्रासाठी आता बदली सप्लाय तयार मिळते. आकार मूळ सप्लायचाच, फक्त तिला बाहेरून १२ व्होल्ट डीसी द्यायचे, सीसीटीव्हीला लावतात तसल्या अडॅप्टरनं. आतून ती मशीनला हवे ते १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवते. ज्या कंपनीनं हे यंत्र २००१ ला सोडून दिलं तिनं ही काढलेली नाही. ड्रीमकास्टवर जीव असलेल्या लोकांनी मापं घेऊन, आराखडा करून ती बनवली.

पहिली मागवली ती तीन आठवड्यांनी आली. नानांनी जोडण्याआधी मोजायला लावली आणि ३.३ च्या जागी शून्य. विकणाऱ्यानं पैसे परत केले, पण तीन आठवडे गेले ते गेलेच. दुसरी नीट निघाली. कुणी हे करणार असेल तर मशीनवर बसवण्याआधी तिन्ही व्होल्ट मोजा. नानांनी हट्ट धरला नसता तर मी सरळ लावून मोकळा झालो असतो.

मेन बोर्डातून सहा पिना उभ्या असतात, त्यांवर सप्लाय बसते. ड्रीमकास्ट मध्येच आपोआप रीसेट होण्याचं नेहमीचं कारण या पिनांवर चढलेला थर. दवा बाजारातून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणली, कानातल्या काडीनं एकेक पिन घासली. काडी काळी यायची, नवी घ्यायची. सहा पिनांना अर्धा तास लागला.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पंखा फिरला. पांढऱ्या पडद्यावर तो ठिपका उड्या मारत गेला, नारंगी चक्र उमटलं, आणि तो छोटा सूर वाजला. ते काही सेकंदांचं संगीत र्‍युइची साकामोतो यांचं आहे, हे मला मोठेपणी कळलं. लहानपणी ते फक्त शाळेचा गृहपाठ संपल्याचा आवाज होतं. आई झोपेतून उठून दारात आली आणि म्हणाली, "हा आवाज किती वर्षांनी ऐकला रे."

मग यंत्रानं तारीख विचारली. समोर होतं २७ नोव्हेंबर १९९८.

हा दिवस ड्रीमकास्ट जपानात पहिल्यांदा विक्रीला आलं तो. आतली बॅटरी मेली की यंत्र काळाची सगळी आठवण विसरतं आणि आपल्या जन्मदिवसापाशी जाऊन उभं राहतं. मी तारीख भरली, सकाळी अडॅप्टर काढून पुन्हा लावला, पुन्हा २७ नोव्हेंबर १९९८. ही बॅटरी कंट्रोलरच्या पाटीवर झाळलेली असते. ती एमएल २०३२, म्हणजे मशीन चालू असताना चार्ज होणारी. दिसायला तशीच असणारी सीआर २०३२ तिथं चुकूनही लावू नये. ती चार्ज होणारी नाही, आणि मशीन तिला चार्ज करायला जाणार. नानांनी जुनी बॅटरी उपटून तिथं छोटा होल्डर झाळून दिला, म्हणजे पुढच्या वेळी रेणाचं काम नको. थरथरता हात पाटीला टेकला की स्थिर व्हायचा. मी श्वास रोखून बघत होतो.

ड्राइव्ह मात्र डिस्क वाचेना. फिरायचा, कुरकुरायचा आणि मेन्यूवर येऊन बसायचा. ड्रीमकास्टच्या डिस्कला जीडी-रॉम म्हणतात, सेगानं यामाहाबरोबर बनवलेली. साध्या सीडीवर साधारण ७०० एमबी मावतात, हिच्यावर जवळपास एक जीबी. खालची बाजू उजेडात धरली की मधोमध वेगळी रिंग दिसते. तिच्या आतला भाग साध्या सीडीसारखा, बाहेरचा दाट लिहिलेला. भिंग पुसलं, भिंग ज्या दांडीवर सरकतं तिच्यावरचं वाळून डिंकासारखं झालेलं ग्रीस काढून नवं लावलं. चौथ्या प्रयत्नाला क्रेझी टॅक्सी हा शहरात टॅक्सी पळवायचा गेम सुरू झाला.

या दाट डिस्कवर कंपनीचा भरवसा होता, आणि घात बाजूच्या दारानं झाला. संगीताच्या खास सीडी चालाव्यात म्हणून यंत्रात मिल-सीडी नावाची सोय ठेवली होती. २००० साली लोकांनी तीच वाट वापरून साध्या सीडीवर उतरवलेले गेम चालवून दाखवले. पण ड्रीमकास्ट बंद पडल्याचा सगळा दोष चोरीच्या सीड्यांना देतात ते मला पटत नाही. आधीच्या सॅटर्न या यंत्रानं सेगाची पत घालवली होती. मार्च २००० मध्ये जपानात सोनीचं प्लेस्टेशन २ आलं, तेही डीव्हीडी चालवणारं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या गेम कंपनीनं ड्रीमकास्टसाठी गेम केलेच नाहीत. शेवटी ९१ लाखांच्या आसपास यंत्रं विकली गेली, आणि सेगाला हा धंदा सोडावा लागला. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःचे कोट्यवधी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन तिला सावरलं आणि मार्च २००१ मध्येच ते गेले. यंत्राचं उत्पादन थांबलं तोच महिना.

मला राहून राहून वाटतं की 'फसलं' हा शब्द कुणी आणि कधी वापरायचा? हिशेबाच्या वहीत ते फसलं, कबूल. पण त्या काळी घरातल्या खेळाच्या यंत्रात फोनलाइनचा मोडेम आत बसवून देणं, २००० च्या डिसेंबरात फॅन्टसी स्टार ऑनलाइन या गेममधून चार अनोळखी माणसांना एका मोहिमेवर पाठवणं, ही आजची रोजची गोष्ट तिथं आधी होऊन गेली. कंट्रोलरमध्ये खुपसायचं मेमरी कार्ड, व्हीएमयू, त्याला ४८ बाय ३२ ठिपक्यांचा स्वतःचा पडदा, आणि ते काढून खिशात घालून बाहेर खेळता यायचं. आमच्या इंदुरात मोडेमचा उपयोग कधी झाला नाही, पण ते व्हीएमयू दादा कॉलेजात घेऊन जायचा. आजही त्या यंत्रासाठी लोक नवे गेम लिहितात, आणि त्यासाठी कॅलिस्टीओएस नावाचं फुकट साधन लोकांनीच उभं केलंय. मला बॅटरीबद्दल, पिनांबद्दल जे कळलं ते कुणीतरी स्वतःचं मशीन उघडून, फोटो काढून लिहून ठेवलेलं होतं म्हणून. त्या अनोळखी माणसांचे माझ्यावर उपकार आहेत.

एक गोष्ट तर मला या खटाटोपातच कळली. ड्रीमकास्ट सरळ कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडता येतं, त्यासाठी व्हीजीए केबल मिळते. घरात बाबांचा जुना पंधरा इंची मॉनिटर होता. लहानपणी आम्ही पिवळ्या वायरीनं टीव्हीवर खेळायचो, सगळं जरा विरघळल्यासारखं दिसायचं. मॉनिटरवर तेच शहर, तीच उतरती सडक, आणि रस्त्यावरच्या पाट्यांची अक्षरं वाचता येतात. १९९८ च्या यंत्रात हे होतं आणि आम्ही ते कधी पाहिलंच नाही.

शेवटचं राहिलं व्हीएमयू. त्यात सीआर २०३२ च्या दोन बॅटऱ्या लागतात, इथं मात्र सीआरच. त्या मेल्या की मशीन चालू करताना लांब बीप वाजते. पण साठवलेलं बॅटरीवर अवलंबून नसतं, फ्लॅश मेमरीत राहतं. मी फाइलींची यादी उघडली. क्रेझी टॅक्सी, तारीख मे २००३. वायरीच्या आदल्या आठवड्यातली.

दादा धनत्रयोदशीला आला. मी काही बोललो नाही, मॉनिटरवर फडकं टाकून ठेवलं होतं. चहा झाल्यावर फडकं काढलं. तो बराच वेळ उभाच राहिला. मग पाटावर बसला, कंट्रोलर हातात घेतला आणि त्याची वायर सवयीनं मागच्या खाचेत अडकवली. या कंट्रोलरची वायर खालच्या बाजूनं निघते, म्हणून ती खाच. वीस वर्षांनी बोटांना ते आठवत होतं. गेममधल्या गुणांच्या यादीत त्याच्या नावाची तीन अक्षरं पहिल्या पाचही जागांवर होती.

जळलेली सप्लाय मी टाकली नव्हती, डब्यात ठेवली होती. ती त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "दादा, हे तेव्हा..."

त्यानं फुटलेल्या कंडेन्सरवरून अंगठा फिरवला. "वायर टेपरेकॉर्डरची लावली होतीस ना? मी आलो तेव्हा टेपच्या मागे नव्हती ती."

मी मान हलवली.

"बाबांनी तुला त्या वर्षी सायकल घेऊन दिली नसती रे," तो म्हणाला, आणि लेकीला जवळ बोलावून कंट्रोलर कसा धरायचा ते दाखवायला लागला.