आमची वाटचाल : कितवी पिढी?

आमचा व्यवसाय सूक्ष्मजीव सांभाळण्याचा आहे. औषध कंपन्यांच्या तपासणीला लागणारे जिवाणू, कडधान्यांच्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी आणणारं रायझोबियम आणि अलीकडे संशोधक मुलांनी सह्याद्रीतल्या झाडांमधून वेगळ्या केलेल्या बुरश्या, असा सगळा संसार रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मांडलेला आहे. बाहेरून पाहिलं तर शेजारच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात आणि आमच्यात काही फरक दिसत नाही. आत लॅमिनार (निर्जंतुक हवेची पेटी), ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारा मोठा कुकर), इन्क्युबेटर आणि उणे 80 अंशांचे दोन फ्रीजर. विक्रीचा खरा माल त्या फ्रीजरांत असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कर्ज मागायला गेलं की पंचाईत होते.

2009 साली सुरुवात केली तेव्हा यातलं फारसं काही डोक्यात नव्हतं. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. तिथे सकाळचे पहिले तास मीडिया, म्हणजे जिवाणू वाढवायचं खाद्य, बनवण्यात जायचे. पावडर तोलायची, पाण्यात विरघळवायची, 121 अंशांना 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह करायची, हाताला सोसेल इतकी निवली की झाकणाच्या चपट्या बशांत, म्हणजे प्लेटांमध्ये, ओतायची. एमएस्सी झालेली माणसं अर्धा दिवस हेच करायची. तयार ओतलेल्या प्लेटा बाहेरून मागवणं मोठ्या कंपन्यांना परवडायचं. लहान कंपन्यांना त्यांचा भाव झेपायचा नाही. त्या लहान कंपन्या आमच्या आसपासच होत्या. महापे, पावणे, तुर्भे, पलीकडे वागळे इस्टेट. नोकरी सोडली, माझी शिल्लक आणि नवऱ्याच्या फंडातला काही भाग घालून गाळा भाड्याने घेतला.

प्लेटांच्या धंद्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. पावसाळ्यात झाकणाला आतून पाणी सुटतं, उन्हाळ्यात मीडिया थिजवणारा अगर हा पदार्थ सुकून कडेने सुटतो, आणि डिलिव्हरीचा मुलगा प्लेटा उलट्या ठेवायला हमखास विसरतो. दोन वर्षांत घडी बसली. भाडं निघू लागलं, पगार निघू लागले, माझा मात्र नाही.

दिशा बदलली ती एका ग्राहकाच्या प्रश्नाने. प्लेटांवर जिवाणू नीट वाढतात की नाही, हे प्रत्येक नव्या बॅचला तपासावं लागतं. त्यासाठी ठरावीक जिवाणू आणि बुरश्या लागतात: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय, स्युडोमोनास, कॅन्डिडा, ॲस्परजिलस. ते शंभरापेक्षा कमी सोडायचे आणि पुरेसे उगवले पाहिजेत. शिवाय फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथाची, अट अशी, की वापरलेलं कल्चर (वाढवलेले सूक्ष्मजीव) मूळ संग्रहातल्या नमुन्यापासून पाच सबकल्चरांपेक्षा, म्हणजे पाच वेळा नव्या मीडियावर नेण्यापेक्षा, पुढे गेलेलं नसावं. त्या कंपनीच्या साहेबांनी फोन करून विचारलं, "मॅडम, तुम्ही आमच्या प्लेटा ज्याच्यावर तपासता, तो ई. कोलाय कितव्या पिढीचा आहे?"

मी लगेच उत्तर दिलं, कारण नोकरीतल्या शिस्तीने नोंद ठेवलेली होती. पण त्यांच्या विचारण्यातला रोख वेगळा होता. स्वतःच्या प्रयोगशाळेत ही मोजदाद सांभाळणं त्यांना जड जात होतं. मूळ नमुन्याची अँप्युल (बंद काचनळी) विकत आणायची, तिच्यापासून पहिला संच गोठवायचा, त्यातून कामाचा संच, त्यातून आठवड्याचे स्लँट (नळीत तिरक्या थिजवलेल्या मीडियावरची वाढ), प्रत्येक पायरीची शुद्धता तपासायची आणि पाचवी पायरी ओलांडली की सरळ ऑटोक्लेव्ह करून फेकून द्यायचं. हे काम कोणाचंच आवडीचं नसतं. माणूस नोकरी सोडून गेला की नोंदींचा धागा तुटतो आणि ऑडिटरला नेमका तोच धागा हवा असतो. "हे तुम्ही आम्हाला करून द्याल का?" असं त्यांनी विचारलं आणि आमचा दुसरा, खरं म्हणजे मुख्य, धंदा सुरू झाला.

पाचच का, असं नवीन लागलेली मुलं विचारतात. मी त्यांना बीसीजीची गोष्ट सांगते. क्षयाची लस बनवताना काल्मेत आणि गेराँ या दोघांनी गुरांच्या क्षयाचा जिवाणू ग्लिसरीन, पित्तरस आणि बटाट्याच्या मीडियावर वाढवला आणि दर तीन आठवड्यांनी नव्या मीडियावर नेला. 1908 पासून 13 वर्षं, 230 वेळा. शेवटी त्या जिवाणूची रोग करण्याची ताकदच गेली आणि 1921 मध्ये तो लस म्हणून पहिल्यांदा बाळाला दिला गेला. ज्या जनुकांच्या तुकड्यामुळे तो घातक होता, तो तुकडाच वाटेत गळून पडला, हे पुढे अनेक दशकांनी कळलं. गोष्टीचा उत्तरार्ध मुलांना सहसा माहीत नसतो. लस जगभरच्या प्रयोगशाळांत वाटली गेली, प्रत्येकाने आपापल्या मीडियावर ती पुढे चालवली आणि काही दशकांत प्रत्येक देशाचं बीसीजी थोडं थोडं वेगळं होऊन बसलं. ते थांबलं, ते गोठवून वाळवलेले मूळ संच ठेवायला लागल्यावर.

म्हणजे सबकल्चर करणं हे फक्त जागा बदलणं नाही. मीडियावर आयतं जेवण मिळतं. झाडाशी, प्राण्याशी, दुसऱ्या जिवाणूंशी झगडावं लागत नाही. अशा ठिकाणी जो सगळ्यांत भराभर वाढतो तोच पुढच्या प्लेटवर जातो आणि महागडी कामं करणारा मागे पडतो. आमच्या बँकेतल्या अधिकाऱ्यांना हे पटेना, तेव्हा रोज कालच्याच दह्याचं विरजण लावत राहिलं की महिन्या-दोन महिन्यांनी दही कसं लागतं, एवढंच विचारलं. कर्ज मंजूर झालं ते या दाखल्यामुळे की गाळ्याच्या कागदांमुळे, देव जाणे. त्यातून पहिला उणे 80 चा फ्रीजर आला.

रायझोबियमकडे आम्ही वळलो ते नात्यागोत्यातून. माझं माहेर कर्जतकडचं. तिथे भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरतात. थंडीत त्याच्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी लागते, आणि पोपटीला बोलावलं की मामेभावाची तक्रारही ऐकावी लागते: कृषी केंद्रातून आणलेलं जिवाणू खत लावलं तरी मुळांना गाठी नाहीत. एके वर्षी त्याने उपटलेली रोपंच पिशवीतून आणली. गाठी होत्या, पण बारीक, आणि कापून पाहिल्या तर आतून पांढरट-हिरव्या. काम करणारी गाठ आतून गुलाबी असते. हवेतला नत्र धरणारं एन्झाइम ऑक्सिजनने मरतं, म्हणून रोप लेगहिमोग्लोबिन नावाचं रंगद्रव्य तयार करून ऑक्सिजन आवरून धरतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते भावंड. गुलाबी नाही म्हणजे आत जिवाणू फुकट जेवतोय.

पाकिटात जिवाणू होते का? होते, भरपूर होते. खत नियंत्रण आदेशात 2006 पासून जिवाणू खतांना मानकं आहेत. लिग्नाइट कोळशाच्या भुकटीसारख्या वाहकावरच्या खतात ग्रॅमला किमान पाच कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला दहा कोटी जिवंत पेशी हव्यात. पण पेशी मोजणं सोपं. त्या गाठ आणतात का, हे रोपच सांगतं. रायझोबियमच्या कित्येक जातींत गाठी आणायची जनुकं मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या वेगळ्या कड्यावर, असतात आणि मीडियावर पिढ्यान्‌पिढ्या काढताना ते प्लाझ्मिड हरवू शकतं. हरवलं तरी काँगो रेड या रंगाच्या मीडियावर तशीच पांढरट, चिकट कॉलनी येते. पाहून कळत नाही. त्यात आणखी घोळ म्हणजे हरभऱ्याचं रायझोबियम वालाला चालत नाही, सोयाबीनचं हरभऱ्याला चालत नाही, आणि दुकानदार मात्र "कडधान्याचं द्या" म्हटलं की हाताला येईल ते देतो.

आम्ही वालाच्याच गाठींपासून जिवाणू वेगळे केले आणि पहिल्या दिवशीच पन्नासेक छोट्या नळ्यांत ग्लिसरीनमध्ये गोठवले. दर हंगामाला एक नवी नळी फोडायची. तिच्यापासून कारखान्याच्या टाकीपर्यंत मोजक्या पायऱ्या. दर बॅच निर्जंतुक वाळूच्या कुंडीत लावून गाठी कापून पाहायच्या. याला महिना-सव्वा महिना लागतो आणि तेवढा वेळ माल अडकून पडतो. आमच्या सीएंना हे अजिबात पसंत नाही. पण गाठीचा रंग पाहिल्याशिवाय पाकीट बाहेर जात नाही, हा नियम मी ठेवला आहे आणि त्यापायी आमचं जिवाणू खत नफ्यात यायला प्लेटांपेक्षा कितीतरी जास्त काळ लागला. शेतकऱ्याला सांगायचं ते मात्र साधं असतं: 250 ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचं, सावलीत सुकवायचं, बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, आणि पाकीट ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवायचं नाही. शेवटची सूचना मामेभावामुळे वाढली.

तिसरं काम आपण होऊन दारात आलं. ठाण्यातल्या एका महाविद्यालयातली पीएचडीची मुलगी थर्मोकोलच्या डब्यात प्लेटा घेऊन आली. विषय नरक्या. आंबोली, महाबळेश्वर, राधानगरीकडे होणारं हे झाड. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. वॉल आणि आपल्या मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये ते एका चिनी झाडात शोधलं, 1972 मध्ये नरक्यात सापडलं, आणि त्यापासून बनलेली इरिनोटेकान, टोपोटेकान ही औषधं आतड्याच्या, बीजांडकोशाच्या कर्करोगावर वापरली जातात. परिणाम असा, की नरक्या वखारीत पोचला. सह्याद्रीतून ट्रक भरभरून लाकूड गेलं. 2005 मध्ये नरक्याच्याच आत राहणारी एक बुरशी प्रयोगशाळेत कॅम्प्टोथेसिन बनवते असं प्रसिद्ध झालं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. झाड तोडायला नको, बुरशी टाकीत वाढवा.

अजून तशी टाकी कुठे चालू झालेली नाही, आणि त्याचं मोठं कारण माझ्या ओळखीचं निघालं. 2010 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की नरक्यातून काढलेल्या बुरश्या एकामागून एक सबकल्चर करत गेलं तर कॅम्प्टोथेसिन घटत जातं. झाडाच्या आत राहताना जे काही बुरशीला ते बनवायला लावत होतं, ते बटाटा-डेक्स्ट्रोजच्या प्लेटवर नाही. या मुलीचं तेच झालं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे द्रव्य वेगळं करून मोजणाऱ्या चाचणीत, दिसणारं कॅम्प्टोथेसिनचं शिखर बसत बसत तळाला आलं होतं. गाइडना वाटत होतं हिची पद्धत चुकतेय. पद्धत उत्तम होती. फांदीचा तुकडा अल्कोहोल आणि हायपोक्लोराइटने धुऊन, धुतलेला तुकडा वेगळ्या प्लेटवर टेकवून वरची बुरशी राहिली नाही ना याचीही खात्री तिने केली होती. फक्त महाविद्यालयात खोल फ्रीजर नव्हता, म्हणून कल्चर जगवायला ती दर महिन्याला नवी प्लेट लावत होती.

तिच्या सर्वांत जुन्या, खनिज तेलाखाली ठेवलेल्या स्लँटांपासून आम्ही परत सुरुवात केली. काही बुरश्या थोड्या सावरल्या, बऱ्याचशा नाही. प्रबंधात तिने ही घटच एक प्रकरण म्हणून लिहिली, आणि मला विचाराल तर तेच त्यातलं सगळ्यांत उपयोगी प्रकरण आहे. तिच्यामागून तिच्या मैत्रिणी आल्या, मग दुसऱ्या महाविद्यालयांची मुलं. सदाफुलीतल्या, अश्वगंधेतल्या बुरश्या, ठाण्याच्या खाडीतल्या तिवरांच्या मुळांजवळचे ॲक्टिनोमायसीट (बुरशीसारखे धागे काढणारे जिवाणू), पनवेलकडच्या खाऱ्या जमिनीतले जिवाणू. विद्यार्थ्यांकडून आम्ही जवळजवळ खर्चाइतकेच पैसे घेतो. पुण्यात राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, चंदीगडला एमटीसीसी हा तसाच संग्रह आहे, कायमच्या जतनासाठी मुलांनी तिथेच नमुने द्यावेत असं आम्ही सांगतो. आमचं काम शोध चालू असतानाच्या दोन-चार वर्षांचं.

या सगळ्यात सर्वांत मोठा खर्च कशाचा, तर विजेचा. फ्रीजर बंद पडला तर पिढ्या मोजून काही फायदा नाही. डिझेल जनरेटर आहे, तापमान वाढलं की माझ्या आणि आमच्या दोन सहकाऱ्यांच्या फोनवर घंटी वाजते, आणि बिनधोक्याच्या प्रत्येक कल्चरचा एक संच गोठवून वाळवलेल्या अँप्युलांत ऐरोलीच्या घरी साध्या फ्रिजमध्ये असतो. धोकादायक जिवाणू त्यात नसतात, हे सासूबाईंसाठी लिहिते. 2020 च्या टाळेबंदीत शेजारचे सगळे गाळे बंद होते, पण औषध कंपन्या चालू होत्या, म्हणून आम्हालाही पास मिळाला आणि आळीपाळीने कोणीतरी गाळ्यात असायचं. त्या वर्षी एकही नळी गेली नाही. प्लेटांची मागणी पडली, कल्चरची वाढली.

सध्या आम्ही सात जण आहोत. पुढच्या वर्षी वाळवण्याचं मोठं यंत्र घ्यायचं आहे, म्हणजे रायझोबियमचे मूळ संच विजेवर अवलंबून राहणार नाहीत. वालाच्या जिवाणू खताची मागणी दिवाळीआधी नोंदवावी लागते, कारण कुंडीतली गाठ घाईत येत नाही. संशोधक मुलांसाठी एवढंच: नमुना आणताना झाड कुठलं, कोणत्या गावच्या रानातलं, कोणत्या तारखेला तोडलं आणि वनखात्याची परवानगी कोणती, हे लिहून आणा. काम पुढे व्यापारी वापराकडे जाणार असेल तर 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं, तो कागदही सोबत असू द्या. आणि झाडातून बाहेर आलेली पहिली बुरशी दिसली की महिनाभर कौतुकाने पाहत बसू नका. त्याच आठवड्यात तिचा तुकडा ग्लिसरीनमध्ये घालून इकडे पाठवा, बाकीची प्लेट खुशाल तुमच्याकडे ठेवा.