वाड्याच्या कडीपाटातून गच्चीवरचा बाक

जुन्या नाशकात वाडा उतरवायला घेतला की कोरीव खांब, चौकटी, गणेशपट्टी आधीच बोलून ठेवलेली असते. मागे उरतो तो कडीपाट, म्हणजे माळ्याच्या कड्या आणि फळ्या. मला तोच हवा होता. गच्चीवर एक बाक, कुंड्यांसाठी घडवंची आणि दारामागं किल्ल्या अडकवायला पट्टी, एवढंच करायचं होतं.

वखारीत जुनं लाकूड घनफुटावर मिळतं. सगळंच वरून काळं, म्हणून विचारलं, ‘‘मामा, सागच आहे ना?’’ त्यांनी काही न बोलता रंधा एकदा फिरवला. काळं पूट निघालं, खाली सोनेरी-तपकिरी रेषा दिसल्या आणि सागाचा तो चामड्याकडं झुकणारा वास आला. पारखायची खरी जागा मात्र कडीचं टोक. भिंतीत रुतलेला तेवढा भाग वर्षानुवर्षं ओल खातो. पेचकस टोचून पाहिला. जिथं सहज आत गेला तिथं सरळ वीतभर कापायला सांगितलं.

मग खिळे. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो आणि हे कुणी आधी सांगत नाही. जुने घडीव, चौकोनी खिळे गंजून लाकडात घट्ट बसलेले असतात. नुसतं ओढलं की डोकं तुटून हातात येतं. मिस्त्रींनी युक्ती दाखवली: आधी हातोडीनं खिळा किंचित आत ठोकायचा, गंजाची पकड सुटते, मग पक्कडीखाली लाकडाचा तुकडा ठेवून हळूहळू उचलायचा. शेवटी लोहचुंबक फिरवून बघायचं, कारण आत एक जरी खिळा राहिला तरी सॉ मिलच्या करवतीच्या पट्ट्याचं वाटोळं होतं, आणि मिलवाला पुढच्या वेळी दारात उभं करत नाही. खिळ्यांभोवतीचे काळे डाग मी तसेच ठेवले. ऑक्झॅलिक ॲसिडनं ते निघतात, पण मग जुनं लाकूड आणलं कशाला?

काही फळ्यांवर हिरवा ऑइलपेंट होता. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत ठेवायची सक्ती आपल्याकडं 2017 च्या नोव्हेंबरपासून आली, त्यामुळं जुन्या रंगाचा भरवसा नाही. असा रंग मशिननं कोरडा घासू नये. धूळ घरभर होते. आम्ही मास्क लावून, पाणी मारून खरवडला, आणि त्या फळ्या भाजीच्या वाफ्यापासून लांबच ठेवल्या.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडं पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, स्वस्तात मिळतात, तेच का नाही घेतले, असं बरेच जण विचारतात. ते लाकूड बहुधा पाइनचं. इंटरनेटवरच्या फोटोंत छान दिसतं, पण आपल्या चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर ते कुजणारच. घरात चपलांचा रॅक करायला उत्तम. घेताना शिक्का बघावा: एचटी म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबीचं घरात आणूच नये.

बाकाचे पाय मिस्त्रींनी कुसू घालून, म्हणजे टोक भोकात अडकवून, बसवले, बैठकीच्या पट्ट्यांत पाणी निथळायला बोटभर फट ठेवली. तुळईच्या एका तुकड्यात खांबाच्या कुसवाचं चौकोनी भोक होतं. ते म्हणाले, ‘‘ताई, लांबी (पुट्टी) भरून बुजवून टाकू.’’ मी नको म्हटलं. तो तुकडा घडवंचीच्या टोकाला लावला, आता त्या भोकात बांबू उभा आहे आणि त्यावर गोकर्णीचा वेल चढलाय. मिस्त्रींनाही नंतर ते पसंत पडलं, असं मला वाटतं. बोलले मात्र नाहीत.

बाहेरच्या वस्तूंना व्हार्निश लावलं नाही, उन्हापावसात त्याचे पोपडे निघतात. जवसाचं तेल चोळलं. दरवर्षी पावसाळ्याआधी एक हात द्यावा लागेल. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवायची. पायांखाली दगडाच्या चिपा ठेवल्यात.

आता शेजारच्या काकू उरलेल्या तुकड्यांचे पोळपाट करून दे म्हणून मागं लागल्यात. कोणत्या तुकड्याला कधी कसला रंग किंवा वाळवीचं औषध लागलं असेल कुणास ठाऊक, ते कणकेखाली नकोच. किल्ल्यांच्या पट्टीवर त्यांना कसंबसं राजी केलंय.