गव्हाला दाराबाहेर ठेवताना : आमची वाटचाल

सुरुवात खोबरेल-एरंडेलाच्या साध्या साबणाने झाली. दिवाळीला उटणं, गड्ड्याच्या यात्रेत एक टेबल, बाकी विक्री ओळखीपाळखीवर. सोलापुरात धंदा म्हणजे चादर नाहीतर टॉवेल, साबण करतो म्हटलं की "त्यात काय सुटतंय?" हा प्रश्न ठरलेला.

एका ताईंच्या मुलाला सिलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार आहे. घरात गहू बंद, सगळं ज्वारीवर. त्यांनी उटण्याचं पाकीट उलटंसुलटं करून विचारलं, "बेसन कुठं दळता?" पेठेतल्या गिरणीत, आम्ही म्हणालो. उत्तर खरं होतं, पण त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. त्याच गिरणीत दिवसभर गहू दळले जातात.

ग्लुटेन हे गहू, जव, राय (गव्हासारखंच एक धान्य, मोहरी नव्हे) यांतलं प्रथिन. सिलिअ‍ॅकमध्ये ते पोटात गेलं तर लहान आतड्याला इजा होते. धडधाकट कातडीतून ते आत शिरत नाही. म्हणजे काळजी अंगाच्या साबणापेक्षा लिप बामची, दंतमंजनाची आणि बोटं चोखणाऱ्या पोरांच्या हँडवॉशची. गव्हाची अ‍ॅलर्जी ही वेगळी भानगड. जपानात गव्हाचं हायड्रोलाइज्ड (म्हणजे बारीक तुकडे केलेलं) प्रथिन घातलेला चेहऱ्याचा साबण वापरून २००० हून जास्त लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली. २०११ मध्ये तो माल परत घ्यावा लागला.

आम्ही ओट्सचा साबण बंद केला, चांगला खपत असूनही. ओट्स म्हणजे गहू नव्हे, पण शेतापासून गिरणीपर्यंत त्याची संगत गव्हाचीच. उटण्यासाठी वेगळी घरघंटी घेतली. तिच्यात फक्त हरभरा डाळ, मसूर आणि मंगळवेढ्याची ज्वारी. व्हिटॅमिन ई सूर्यफुलाचं की गव्हाच्या अंकुराचं, हे पुरवठादाराकडून लेखी घेतो. (या एका प्रश्नावर काहींनी आमचे फोन उचलणंच सोडलं.) घटकांच्या यादीत 'ट्रिटिकम' म्हणजे गहू आणि 'होर्डियम' म्हणजे जव, हे आता पॅकिंगच्या मुलींनाही पाठ आहे.

खाद्यपदार्थांवर 'ग्लुटेन-फ्री' लिहायला एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. साबण त्या कायद्यात बसत नाही. म्हणून वेष्टनावर आम्ही सरळ लिहितो : गहू, जव, राय, ओट्स वापरलेले नाहीत.

नुसती खाज सुटते म्हणून ग्लुटेन-फ्री मागणारेही येतात. त्यांना आधी बिनवासाची वडी देतो. त्रास पुष्कळदा सुगंधाचा असतो. वडी स्वस्त आहे, गल्ल्याला तेवढा फटका बसतो.

सध्या लिप बाम करून बघतोय : मेण, खोबरेल, एरंडेल. एरंडेलाची चव तेवढी मारायची आहे, पोरं ते चाटणारच.